दोन थापा, एक टाळी : 'वी विल रॉक यू'चं प्रकरण

क्वीन या इंग्लिश बँडचं 'वी विल रॉक यू' हे गाणं ७ ऑक्टोबर १९७७ रोजी बाजारात आलं. लांबी जेमतेम दोन मिनिटं. त्यात ड्रम नाहीत, बेस गिटार नाही, कीबोर्ड नाही. पायाच्या दोन थापा, एक टाळी, एका माणसाचा आवाज, धृपदाला कोरस आणि अगदी शेवटी गिटार. एवढ्याशा ऐवजावर हे गाणं उभं आहे, आणि क्रिकेटचं मैदान असो की फुटबॉलचं, ते सुरू झालं की इंग्रजीचा गंध नसलेली माणसंही त्यात सामील होतात.

मी वाईचा. गेली बावीस वर्षं सातारा जिल्ह्यात साउंडचं काम करतो. शाळांची स्नेहसंमेलनं, यात्रेतले ऑर्केस्ट्रा, व्याख्यानमाला, कधी मोठं मैदान. या गाण्यात माझा जीव अडकला तो त्यातल्या आवाजामुळे. अरीना रॉक म्हणजे काय हे मला दहा लेखांतून कळलं नव्हतं, ते या एका गाण्याची जुळणी उलगडून पाहताना कळलं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

अरीना रॉक ही सत्तरच्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडात रुजलेली रॉकची धाटणी. नाव जागेवरून पडलं. अरीना म्हणजे बास्केटबॉल किंवा आइस हॉकीसाठी बांधलेलं छपराखालचं मोठं क्रीडागृह, पंधरा-वीस हजार माणसं बसतील असं. बोस्टन, जर्नी, फॉरिनर, स्टिक्स, किस ही त्यातली ठळक नावं. बेताची लय, जाड गिटार, आवाजावर आवाज चढवून केलेला कोरस आणि पहिल्यांदा ऐकतानाच तोंडात बसेल असं धृपद, ही त्याची ओळख. समीक्षकांनी हे नाव पुष्कळदा नाक मुरडूनच वापरलं. कंपन्यांनी तिकिटं विकण्यासाठी घडवलेलं गुळगुळीत संगीत, असा त्यांचा सूर. धंदा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण धंद्याच्याही आधी या संगीताला आकार दिला तो भिंतींनी आणि छपरानं.

जागा काय करते

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक ५५,६००. व्हॉक्स कंपनीनं त्या दौऱ्यासाठी खास १०० वॉटचे अँप्लिफायर बनवून दिले होते. आज आमच्याकडे गल्लीतल्या मंडळाच्या सत्यनारायणालाही १०० वॉट कुणी विचारत नाही. गायकांचा आवाज गेला मैदानाच्या स्वतःच्या स्पीकरमधून, म्हणजे ज्यातून बेसबॉल सामन्याच्या घोषणा होत त्यातून. किंकाळ्यांपुढे त्याचा काय निभाव लागणार? स्टेजवर चौघांना आपलं स्वतःचं वाजवणंसुद्धा धड ऐकू येत नव्हतं. वर्षभरात, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांनी तिकीट लावून होणारे कार्यक्रम कायमचे बंद केले.

पुढच्या सात-आठ वर्षांत साउंड सिस्टिम झपाट्यानं सुधारल्या. ५ मे १९७३ रोजी फ्लॉरिडातल्या टँपा स्टेडियमवर लेड झेपेलिननं ५६,८०० लोकांसमोर वाजवून शे स्टेडियमचा आकडा मोडला, तोवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं जमू लागलं होतं. पोचवण्याचा प्रश्न सुटत आला आणि मग दुसरा प्रश्न उघडा पडला: पोचलेला आवाज जायचं नाव घेत नाही.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेचं स्नेहसंमेलन नव्या बंदिस्त हॉलमध्ये होतं. वर पत्रा, चारी बाजूंनी गिलावा केलेल्या भिंती, खाली शहाबादी फरशी. मऊ असं काही नाहीच. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये मी एक टाळी वाजवली आणि ती विरायची वाट पाहत राहिलो. संध्याकाळी मुलींचं कोळीगीत लागलं. लय जलद, ढोलकीचे बोल दाणेदार. स्पीकरमधून ते दाणे सुटेच निघत होते, पण दहाव्या रांगेपर्यंत जाता जाता त्यांचा लगदा होत होता. पहिला बोल हवेतून जायच्या आत त्यावर दुसरा, तिसरा, चौथा येऊन पडत होता. मुली मोजून नाचत होत्या, कारण ऐकून नाचणं शक्यच नव्हतं. बाईंनी येऊन सांगितलं, साउंड फाटतोय. साउंड फाटत नव्हता. मी बेस उतरवला, एकूण आवाज कमी केला, तरी फार फरक पडला नाही. त्या हॉलला ते गाणं झेपत नव्हतं, आणि मिक्सरवरच्या कुठल्याही बटनानं ते झेपवता आलं नसतं.

अरीनात हाच त्रास दसपट. शिवाय अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. स्टेजपासून १०० मीटरवरच्या माणसाला ठोका ऐकू येतो तो वाजल्यावर पाव सेकंदाहून उशिरा. त्यानं त्यावर टाळी दिली तर ती परत स्टेजपर्यंत यायला तेवढाच वेळ. गायकाच्या कानी ती टाळी पडते तोवर अर्ध्या सेकंदाच्या वर गेलेला असतो. मोठ्या मैदानावर आम्ही अर्ध्या वाटेत जादा स्पीकर उभे करतो आणि त्यांना मुद्दाम उशीर देतो, तो याच हिशोबानं. स्टेजचा आवाज हवेतून तिथवर येईपर्यंत त्या स्पीकरनं थांबायचं. नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून अरीना रॉककडे पाहिलं की त्याची एकेक लकब उलगडत जाते. लय बेताची, कारण जलद सूर एकमेकांत मिसळतात. स्वर लांब धरलेले, कारण हॉल ते आपणहून आणखी लांबवतो आणि ते शोभतं. गिटारवर पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज आणि पंचम एवढेच, कारण डिस्टॉर्शन लावल्यावर, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडल्यावर, मधला गंधार कालवाकालव करतो. धृपदात 'ओऽ', 'आऽ' भरपूर, कारण दूरवर व्यंजनं गळून पडतात आणि स्वर तेवढे पोचतात. आपल्याकडे भजनात मागच्या टाळकऱ्यांना चाल उचलता यावी म्हणून बुवा ओळ सोडतात, तसं हे धृपद सोडलेलं असतं. पट्टीही अशी की सगळ्यांना गाता यावं.

क्वीन या जागांमध्ये नवखे नव्हते. ५ फेब्रुवारी १९७७ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा स्वतःच्या नावावरचा कार्यक्रम झाला होता. पण त्यांची तोवरची गाणी गुंतागुंतीची होती. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त आवाजांचे इतके थर होते की मधला ऑपेराचा तुकडा चौघांना स्टेजवर गाणं अशक्य होतं, तिथे ते टेप लावत. स्टुडिओत घडवलेला महाल आणि वाजवायला पत्र्याखालचा हॉल, असा तो मामला होता.

स्टॅफर्डची रात्र

मे १९७७. इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्ड गावाजवळचा बिंगली हॉल. प्रदर्शनांसाठी बांधलेली, कोठारासारखी जागा. लोक दाटीवाटीनं उभे. ब्रायन मे, म्हणजे क्वीनचा गिटारवादक, यानं पुढे अनेक मुलाखतींत ही रात्र सांगितली आहे. त्या दिवशी प्रेक्षक गाण्यांबरोबर प्रत्येक ओळ गात होते, थांबतच नव्हते. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, तरी लोक हलेनात. त्यांनी आपणहून 'यूल नेव्हर वॉक अलोन' गायला घेतलं. लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे पाठीराखे मैदानावर गातात ते गाणं. हजारो माणसं, वाद्य एकही नाही, पुढे उभं राहून गाऊन घेणारं कुणी नाही.

त्या काळात रॉकच्या कार्यक्रमात गाणं ऐकायचं असे, मान डोलवायची, शेवटी ओरडायचं. सगळा हॉल सतत बरोबरीनं गातोय हे वादकाला अडथळ्यासारखंही वाटू शकलं असतं. आपण एवढं मेहनतीनं बसवलेलं यांच्या कल्ल्यात बुडतंय, असं म्हणून चिडणारे कलाकार मी पाहिले आहेत. मे चिडला नाही. तो झोपताना विचार करत राहिला: ही माणसं अशी चेपून उभी आहेत, त्यांना करायला आपण काय देऊ शकतो? हात हलवता येतात, म्हणजे टाळी. पाय आपटता येतात. आणि गाता येतं. सकाळी उठला तेव्हा गाणं डोक्यात होतं.

माझ्या लेखी या प्रकरणाचा कणा हा प्रश्नच आहे. संगीतकार बहुतेक वेळा स्वतःला विचारतो की मी यांना काय ऐकवू. इथे प्रश्न होता यांच्याकडे काय आहे हा. वाद्यांची यादी करताना मेनं समोरची गर्दी यादीत धरली, आणि दाटीमुळे तिला काय शक्य नाही याचाही हिशोब केला.

वेसेक्समधल्या फळ्या

रेकॉर्डिंग झालं उत्तर लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत. ही इमारत मुळात चर्चची, त्यामुळे खोलीला स्वतःचा घुमारा. तिथे काही जुन्या फळ्या पडलेल्या सापडल्या. त्या एकावर एक रचून मंडळी त्यांवर पाय आपटू लागली आणि टाळ्या देऊ लागली. एका फेरीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असं रेकॉर्ड करत गेले.

मोजक्या माणसांच्या पायांतून हजारोंची गर्दी कशी आणायची? सोपा उपाय होता प्रतिध्वनी देण्याचा, कुठल्याही मिक्सरवर एका बटनाचं काम. आम्ही सगळे तेच करतो. पण त्यानं ऐकणाऱ्याला वाटतं की मोठ्या खोलीत चार माणसं टाळ्या देत आहेत. खोली मोठी होते, गर्दी होत नाही.

ब्रायन मे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेला. खगोलशास्त्रातलं अर्धवट राहिलेलं संशोधन त्यानं पुढे २००७ मध्ये पूर्ण करून डॉक्टरेट घेतली. तर त्यानं भौतिकशास्त्राच्या माणसासारखा विचार केला: खरोखर हजार माणसं पाय आपटत असतील आणि मी त्यांच्यात उभा असेन, तर माझ्या कानावर काय पडेल? शेजारच्याचा पाय लगेच ऐकू येईल, वीस मीटरवरच्याचा थोडा नंतर, पन्नास मीटरवरच्याचा आणखी नंतर. प्रत्येकाचा आवाज एकदाच येईल, पण आपापल्या अंतरानं उशिरा. म्हणून त्यानं प्रत्येक थापेला घुमणारा प्रतिध्वनी न देता एकेकट्या पुनरावृत्त्या दिल्या, वेगवेगळ्या उशिरानं. आणि हे उशीर निवडताना आकडे घेतले मूळ संख्यांचे.

मूळ संख्याच का, हे मी घरी करून पाहिलं तेव्हा नीट उमगलं. समजा एका टाळीच्या प्रती १०, २०, ३०, ४० मिलिसेकंद उशिरानं ठेवल्या (हे आकडे माझे). अंतर सारखं असल्यामुळे त्यांची एक माळ होते आणि कान त्या माळेला सूर समजतो. टाळीच्या जागी पत्र्याच्या पिंपात काही पडल्यासारखा 'टँव' असा आवाज येतो. आमच्या कृष्णेकाठी घाटाच्या लांबच लांब दगडी पायऱ्यांसमोर टाळी वाजवली तर परतणाऱ्या आवाजाला बारीक सुराची किनार असते, तेही याचमुळे. पायऱ्या एकसारख्या, त्यामुळे प्रत्येकीवरून परतणारा आवाज ठरावीक अंतरानं येतो. आता तेच आकडे ११, १७, २३, ३१, ४३ असे करा. कुठलाही आकडा दुसऱ्याच्या पटीत नाही, माळ जमतच नाही. सूर नाहीसा होतो आणि राहतो तो पसरट, खरखरीत, माणसांचा वाटणारा आवाज. हेडफोन लावून मी ही दोन रूपं आलटून पालटून ऐकली. दुसऱ्या रूपाला माझ्या अंगावर काटा आला, कारण हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. पालखी येते तेव्हा चौकात मागे उभं राहून ऐकलेल्या टाळ्यांचा हा आवाज.

आता तालाकडे या. लय मिनिटाला साधारण ८० ठोक्यांची. थाप, थाप, टाळी, आणि मग रिकामी जागा. पहिली थाप शून्यावर धरली तर दुसरी पावणेचार दशांश सेकंदांवर, टाळी पाऊण सेकंदावर आणि पुढची थाप दीड सेकंदावर. टाळीनंतर पाऊण सेकंद काहीच नाही. त्या पाऊण सेकंदात आवाज अडीचशे मीटर जातो. म्हणजे भल्यामोठ्या अरीनाच्या शेवटच्या माणसाची उशिराची टाळीही याच रिकाम्या जागेत येऊन पडते आणि पुढच्या थापेवर आदळत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर खाली सोडलेला काल, म्हणजे तालातली रिकामी जागा, हॉलसाठी राखून ठेवला आहे. माझ्या त्या कोळीगीतात हॉलला बोलायला जागाच नव्हती, तो मुलींच्या गाण्यावरच बोलत सुटला होता. इथे त्याला त्याची पाळी दिलेली आहे.

मेनं हा पाऊण सेकंदाचा हिशोब कागदावर मांडला होता असा माझा दावा नाही. बिंगली हॉलसारख्या जागांत शेकडो रात्री वाजवलेल्या हातांना हे आकडेमोडीशिवाय कळत असणार.

बाकीचं गाणं थोडक्यात आटोपतं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी जवळजवळ बोलल्यासारखा गातो. एका कडव्यात पोरगा, दुसऱ्यात तरुण, तिसऱ्यात म्हातारा. धृपद चार शब्दांचं. गिटार थेट शेवटी येते, एक लांब सूर धरून मागून वर चढते आणि गाणं तिच्यावरच थाडकन तुटतं. ही गिटार मेनं वडिलांबरोबर घरी बनवलेली, तिचा दांडा भिंतीतल्या एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीचा. तो ती प्लॅस्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या नाण्यानं छेडतो. बोस्टन बँडचा टॉम शोल्झही असाच इंजिनिअर, पोलरॉइड कंपनीत नोकरी करत करत त्यानं १९७६ चा पहिला अल्बम बराचसा घराच्या तळघरात घडवला. अरीनासाठी गाणी रचणाऱ्यांत ही हत्यारं चालवणारी माणसं सापडतात याचं मला नवल वाटत नाही.

एकाच तबकडीवर दुसऱ्या अंगाला होतं मर्क्युरीचं 'वी आर द चॅम्पियन्स'. त्याची चाल डुलती, सहा मात्रांची, खांद्याला खांदा लावून झुलत गायची. एकाच अडचणीला दोघांनी दिलेली ही दोन उत्तरं. मेनं लोकांना हातपाय दिले, मर्क्युरीनं गळा दिला. इंग्लंडात ही तबकडी दुसऱ्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत चौथ्या.

एक गंभीर आक्षेप

१९७९ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकात डेव्ह मार्श या समीक्षकानं क्वीनच्या पुढच्या एका अल्बमवर लिहिताना या गाण्यालाही घेतलं. हा कवायतीचा हुकूम आहे, असं त्याचं म्हणणं: तुम्ही आम्हाला हलवायचं नाही, आम्ही तुम्हाला हलवणार. आणि हा कदाचित पहिला खराखुरा फॅसिस्ट रॉक बँड असेल, इथवर तो गेला. पंकचे, म्हणजे साध्या, बंडखोर रॉकचे, दिवस होते. ज्या वेसेक्समध्ये या फळ्या आपटल्या गेल्या, तिथेच त्याच वर्षी सेक्स पिस्तल्स या पंक बँडचंही रेकॉर्डिंग झालं होतं. अरीनातली भव्यता तरुणांना परकी आणि उर्मट वाटू लागली होती.

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. हजारो माणसं एका ठोक्यावर हलवणं ही ताकद आहे आणि ताकदीची भीती वाटायलाच हवी. क्वीननं ती कुठे वापरावी याचं भान नेहमी ठेवलं असंही नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये वर्णभेद चालू असताना ते दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला वाजवायला गेले, ते चुकलंच.

पण गाण्याच्या बांधणीबाबत मार्शचं मला पटत नाही, आणि याला कारण त्या मूळ संख्या. कवायतीत पाय एकत्र पडतात, एक पाय मागे राहिला तर शिक्षा होते. या रेकॉर्डिंगमध्ये पाय मुद्दाम मागेपुढे ठेवले आहेत. दूरचा माणूस उशिरा ऐकणार आणि उशिराच वाजवणार, हे आधीच धरून त्याच्यासाठी जागा सोडलेली आहे. प्रत्येकाचं अंतर वेगळं राहूनही ताल एकच राहतो. हे पलटणीपेक्षा दिंडीच्या जवळचं आहे.

वेम्बली आणि पुढे

१३ जुलै १९८५. लंडनचं वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड हा मदतनिधीचा कार्यक्रम, ७२,००० माणसं. क्वीन स्टेजवर आले तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजत होते. जुलैतलं लंडन, लख्ख उजेड. म्हणजे दिव्यांची करामत नाही, धूर नाही. वाट्याला वीसेक मिनिटं. 'रेडिओ गा गा'ला सगळं मैदान डोक्यावर हात नेऊन दोन-दोन टाळ्या देतं. मग मर्क्युरी एकटाच माइकच्या अर्ध्या दांड्यासकट उभा राहतो आणि 'एऽऽओ' म्हणतो. मैदान तेच परत करतं. तो चढवतो, तेही चढवतात. एकही शब्द नाही, निव्वळ स्वर. शेवटाकडे थाप-थाप-टाळी आणि 'चॅम्पियन्स'. आठ वर्षांपूर्वी एका कोठारवजा हॉलमध्ये लोकांनी आपणहून केलेली गोष्ट आता कार्यक्रमाचा गाभा झाली होती.

मर्क्युरीचं शिक्षण आमच्या वरच्या अंगाला झालं. फारुख बुलसारा हे त्याचं मूळ नाव, जन्म झांजिबारचा, घर पारशी. लहानपणीच त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले, आणि बाराव्या वर्षी शाळासोबत्यांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यांचे श्रोते म्हणजे शाळेतलीच मुलं. पसरणीचा घाट चढून सामान पोचवायला जातो तेव्हा मला हे दर वेळी आठवतं. पाचगणीनं त्याला घडवलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण समोर बसलेल्या पोरांना आपल्याकडे ओढून घ्यायचा पहिला सराव त्यानं या डोंगरावर केला, एवढं खरं.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या समारोपाला स्टेडियममधल्या पडद्यावर त्याची जुनी चित्रफीत लावली, 'एऽऽओ' म्हणतानाची. स्टेडियमनं उत्तर दिलं. मग मे आणि ड्रमर रॉजर टेलर आले आणि थाप-थाप-टाळी सुरू झाली.

पुढच्या पिढ्यांनी हीच बांधणी उचलली. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. प्रत्येकाच्या मनगटावर लुकलुकणारा पट्टा, आणि 'ओऽ ओऽ' असं बिनशब्दांचं धृपद. ते पट्टे बिनतारी संदेशानं पेटतात आणि प्रकाशाला उशीर होत नाही, म्हणून सगळे एका क्षणी उजळतात. दिसायला सुंदर आहे. पण मला त्यापेक्षा मागेपुढे पडणाऱ्या टाळ्या जवळच्या वाटतात, कारण तिथे माणूस स्वतः काही करतो.

या गाण्याचं नुकसानही झालं आहे. सामन्यात षटक संपलं की दहा सेकंद ते वाजवतात आणि मध्येच तोडतात. स्पीकरमधल्या थापा इतक्या मोठ्या लावतात की लोकांच्या टाळ्या त्यात बुडून जातात. ज्यांच्यासाठी ती रिकामी जागा सोडली, त्यांनाच तिथून हाकललं जातं.

परत तोच हॉल

पुढच्या वर्षी त्याच शाळेचं बोलावणं आलं. मी बाईंना म्हटलं, पत्रा बदलता येणार नाही, पण एक गोष्ट करून बघू. प्रार्थना झाल्यावर सातवी ते दहावीची साडेतीनशे-चारशे मुलं जागेवर उभी केली. मिक्सरचा मुख्य फेडर पूर्ण खाली घेतला. माइकशिवाय नुसत्या आवाजात सांगितलं: पाय, पाय, टाळी आणि थांबा. थांबायचं कुणी चुकवू नका.

पहिल्या चार आवर्तनांत गोंधळ. पोरं टाळीनंतर लगेच पाय टाकत होती, थांबणं त्यांना जड जात होतं. पाचव्याला जमलं. मी हॉलच्या मधोमध उभा होतो. थापेला फरशी पायाखाली कापली, टाळी पत्र्यावर जाऊन फुटली आणि त्या रिकाम्या जागेत तिचा लांब धागा भिंतीभिंतीवरून फिरून विरला. तो विरतो न विरतो तोच पुढची थाप. वर्षापूर्वी ज्या घुमाऱ्याशी मी झगडलो होतो, तोच आता मुलांच्या बाजूनं वाजत होता. एका आठवीतल्या मुलीला पुढे बोलावलं, तिनं त्यावर शाळेच्या समूहगीताचं धृपद गायलं, थोडं संथ करून. शेवटच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या शिपाईमामांनी नंतर सांगितलं की शब्द न् शब्द कळला.

मागच्या कोपऱ्यात, जिन्याच्या पायरीवर एक मुलगा दर वेळी टाळी किंचित उशिरा देत होता. बाईंच्या ते लक्षात आलं, त्या त्याला खुणेनं सांगायला निघाल्या. मी म्हटलं, "असू द्या बाई, तो लांब आहे."